मानेला हिसका बसलाय: केस चालवायची की लोकअदालतीत मिटवायची?

सिग्नलला थांबलो होतो, मागून टेम्पोने ठोकलं. बेल्ट लावलेला, बंपर सोडून काही झालं नाही असं वाटलं म्हणून टेम्पोवाल्याशी भांडून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलता येईना. व्हिपलॅश, म्हणजे मानेला बसलेला हिसका, असाच उशिरा हजेरी लावतो. मग हॉस्पिटल, एमएलसी (पोलिसांसाठी हॉस्पिटल करतं ती अपघाताची नोंद), पोलिसांत नोंद. एक्सरेत फ्रॅक्चर वगैरे काही नाही, फक्त मानेचा नेहमीचा बाक सरळ झालाय एवढंच लिहून आलं. सगळी गोची इथेच आहे, दुखतंय खरं पण कागदावर दिसत नाही. (हात बधिर होत असतील किंवा वस्तू हातातून सुटत असतील तर हे वाचू नका, आधी डॉक्टर गाठा.)

एक गैरसमज आधी काढतो. तडजोड करायची म्हणजे केस टाकायचीच नाही असं नाही. मोटार अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा, म्हणजे भरपाईचा, अर्ज टाकून ठेवलेला बरा, आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्येही टाकता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीला कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका. खरा प्रश्न अर्ज टाकल्यानंतरचा आहे.

माझ्या मेव्हण्याने शेवटपर्यंत चालवली. त्याचीही मानच, पण त्याला एक बोट बधिर राहिलं होतं. त्याला पैसे माझ्यापेक्षा चांगले मिळाले, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज, हे मान्य करायलाच हवं. पण चार वर्षं गेली. अपंगत्वाचा टक्का किती यावर घासाघीस, डॉक्टरांनी साक्षीला यायचं तर ओपीडी सोडून कोण येतंय, आणि तो टक्का लागला तरी त्याने तुमच्या कामावर, कमाईवर काय फरक पडला ते वेगळं दाखवा. ड्रायव्हर किंवा हमालीचं काम करणाऱ्याला ते दाखवता येतं, माझ्यासारख्या टेबलावरच्या माणसाला अवघड. आणि मेडिकलची बिलं! तो थर्मल कागद असतो ना, साक्षीला फाईल उघडली तर निम्म्या बिलांवर नुसता पिवळा डाग. कुठलाही रस्ता घ्या, पहिल्या दिवशी झेरॉक्स काढा.

मीही सुरुवातीला चालवायच्याच बाजूने होतो, दोन तारखा केल्या. फिजिओवाल्या मॅडमनी पंधरा दिवसांतच कॉलर काढायला लावली होती, सारखी घातली तर मान आखडते, हलवत राहा, दर तासाला दोन्ही खांद्यांकडे बघा. आणि वकीलसाहेब म्हणाले, तारखेला कॉलर घालून या. बास, माझं तिथेच फिस्कटलं. दुसऱ्या तारखेला कोर्टासमोर रिक्षात बसल्या बसल्या पिशवीतून कॉलर काढून चढवली, वेल्क्रो मागे नीट बसेना, रिक्षावाला आरशातून बघतोय, आणि गंमत म्हणजे तोपर्यंत बरी असलेली मान संध्याकाळपर्यंत खरंच दुखायला लागली. नाटकाने दुखली की रिक्षातल्या खड्ड्यांनी, देव जाणे, पण केस चालू आहे तोवर आपल्याला पेशंट राहावं लागणार हे त्या दिवशी कळलं. बरं वाटलं की उलट टेन्शन येणार, आता क्लेमचं काय!

तेव्हा वकिलांना सांगितलं, पुढच्या लोकअदालतीला ठेवा. राष्ट्रीय लोकअदालत साधारण तीन महिन्यांनी भरते. पॅनेलसमोर इन्शुरन्सचा ऑफिसर बसला, पहिला आकडा त्याने बिलांपेक्षाही कमी सांगितला, मी उठायला लागलो तसा तो वाढला, चहा यायच्या आत विषय संपला. माझी बिलं ३८ हजारांची, ८५ वर मिटलं. थोडं अजून ताणता आलं असतं असं बायको अजून म्हणते, तिचं बरोबरही असेल.

पण एक नीट समजून घ्या, तिथला निवाडा म्हणजे फायनल, त्यावर अपील नाही. पुढच्या वर्षी मान परत धरली तर खर्च तुमचा. म्हणून दुखणं कुठे जातंय ते कळल्याशिवाय सही करू नका, मी सात-आठ महिने थांबलो होतो, आणि पुढच्या फिजिओचा खर्च रकमेत धरून मागा. उलट केसमध्ये तुम्हाला अपील आहे तसं कंपनीलाही आहे, फक्त वादाची रक्कम एक लाखाच्या खाली असेल तर कोणालाच नाही.

मेव्हण्यासारखं बधिरपण राहिलं असेल, ऑपरेशन झालं असेल किंवा कामच सुटलं असेल तर चालवा, तिथे मी तडजोड सुचवणार नाही. नुसती मान धरली असेल आणि फिजिओने सुटत असेल, तर मी आपला लोकअदालतीकडे झुकेन. शेवटी वकील तुमचा, मान तुमची.