हार्टची जीन टेस्ट मागवली, दोन स्टार

कंपनीचं नाव घेत नाही. बाबांना पन्नाशीच्या आतच अटॅक आलेला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) वाचले, तेव्हापासून बायकोच्या डोक्यात होतंच आणि सेल लागल्यावर तिने मागवून टाकली. किट फोंड्यात वेळेवर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. अर्धा तास आधी पाणीसुद्धा प्यायचं नाही, मग नळीत रेषेपर्यंत थुंकायचं, आणि वरचा फेस धरायचा नाही हां, खाली पातळ लाळ हवी, नेमकं तेव्हाच तोंड कोरडं पडतं!

रिपोर्ट दिसायला झकास. जीन बघून धोक्याचा स्कोअर दिलाय, शंभरातल्या ७१ जणांपेक्षा तुमचा धोका जास्त म्हणे. पण हे शंभर जण कोण? कस्टमर केअरला खूप खोदून विचारलं तेव्हा 'साऊथ एशियन' एवढंच उत्तर आलं. माझ्या ऑफिसातला केप्याचा मित्र वेळीप ह्या गोव्यातल्या आदिवासी समाजातला, त्यालाही हीच पट्टी लावली. शेजारणीची आजी पोर्तुगीज, म्हणून शेजारणीने 'मिक्स्ड' टिक केलं तर तिला स्कोअरच दिला नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले.

हा नुसता माझा त्रागा नाही. असे स्कोअर ज्या अभ्यासांवरून काढतात त्यातले जवळजवळ ८० टक्के लोक युरोपियन वंशाचे, त्यामुळे बाकीच्यांच्या बाबतीत अंदाज ढिला पडतो. मेक्सिकोत आदिवासी आणि मिश्र वंशाच्या लोकांत एबीसीए१ जीनमध्ये एक बदल सापडला, त्याने चांगलं कोलेस्ट्रॉल म्हणजे एचडीएल कमी राहतं, आणि हा बदल अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडूनच आलेला. नुसत्या युरोपियन लोकांत शोधत बसले असते तर तो दिसला असता का? आपल्याकडे जीनोमइंडिया ह्या सरकारी प्रकल्पात १० हजार लोकांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचलेत, तो डेटा २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, पण माझ्या रिपोर्टमध्ये त्याचा मागमूस नाही.

एक पान मात्र कामाचं निघालं, एमवायबीपीसी३ चं. ह्या जीनमधली डीएनएची २५ अक्षरं गळालेली असतील तर हृदयाच्या स्नायूचा आजार होण्याची शक्यता वाढते, आणि आपल्या उपखंडात शंभरात साधारण चौघांत हे सापडतं असं २००९ मध्येच छापून आलंय. माझं निगेटिव्ह. अशी गोष्ट पहिल्या पानावर हवी ना, ह्यांनी ती 'केसगळती' आणि 'कॉफी सोसते का' ह्यांच्या मध्ये टाकलीय.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोन मिनिटं चाळला आणि लायपोप्रोटीन-ए लिहून दिलं, म्हणजे रक्तातला कोलेस्ट्रॉल वाहणारा एक कण, तो जास्त असेल तर अटॅकचा धोका वाढतो. साधी रक्ताची टेस्ट, किटच्या मानाने फारच स्वस्त, ह्या कणाचं प्रमाण बहुतेक जीनवरच ठरतं आणि जन्मभर फारसं हलत नाही, म्हणून एकदा केली तरी पुरते. घरात कोणाला लवकर अटॅक आलेला असेल तर आधी ती आणि लिपिड प्रोफाइल करा. किट घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी विचारा की स्कोअर कोणत्या लोकांवर तपासलाय, आणि उत्तर लेखी घ्या. मला आता रोज डायट प्लॅनचे मेसेज येतायत, ते बंद कसे करायचे कोणाला माहीत असेल तर सांगा.