चीन समजून घ्यायला आधी कोणाचं प्रवासवर्णन वाचावं: मार्को पोलोचं की शू शियाकेचं?

व्हेनिसच्या मार्को पोलोचा चीन म्हणजे मंगोल सम्राट कुब्लाई खानाचा, 13व्या शतकाच्या अखेरचा. बाजार, कर, बंदरं यांवर त्याची नजर पक्की. नोटांचं वर्णन तर जरूर वाचावं: तुतीची आतली साल कुटून कागद करायचा, त्यावर खानाचा लाल शिक्का मारायचा, फाटकी नोट बदलून घ्यायला शेकडा 3 कटौती. अडचण नावांची होते. खानबलिक म्हणजे बीजिंग, किन्से म्हणजे हांगचौ, झैतून म्हणजे छुआनचौ. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आकडे मात्र जपून घ्या. हांगचौचे 12,000 पूल ही अतिशयोक्तीच. मजकूर त्याने 1298 च्या सुमारास जिनोव्हाच्या तुरुंगात सांगितला, लिहिला दुसऱ्याने, आणि हस्तलिखितांत फरक पडत गेले. म्हणून टिपा असलेलीच आवृत्ती घ्या.

शू शियाके (1587–1641) हा चिनी प्रवासी, म्हणजे घरचा माणूस, मिंग राजवटीच्या काळातला. रोजच्या रोज लिहिलेली दैनंदिनी, त्यामुळे भरवसा जास्त. 1636 मध्ये तो नैऋत्येकडे निघाला. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतातल्या चुनखडीच्या गुहांत स्वतः उतरून त्याने त्यांची रचना नोंदवली. यांगत्से नदीचा मूळ प्रवाह मिन नदी नव्हे, जिन्शा नदी, हेही त्याने ठासून मांडलं. वाटेत सोबतचा भिक्खू जिंगवेन वारला, तर त्याच्या अस्थी शूने नैऋत्येकडच्या युन्नान प्रांतातल्या जिझू पर्वतापर्यंत नेल्या. मैत्री आणि श्रद्धा या देशात कशी निभावली जाते, हे या नोंदींत दिसतं; पोलोकडे ते मिळत नाही.

इंग्रजीत शू निवडकच मिळतो, अंतरं ‘ली’त असतात (साधारण अर्धा किलोमीटर). तरी आमचं मत शूच्या बाजूने. नकाशा उघडून, युन्नानपासून सुरुवात करा.