तलवार न उपसता: ओल्ड स्कूल रूनस्केप, काही महिन्यांनंतर

ओल्ड स्कूल रूनस्केप बघून भाच्याने नाक मुरडलं, "मावशी, हे काय जुनाट!" जुनाट आहेच. रूनस्केप या अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळाची ऑगस्ट २००७ मधली प्रत २०१३ मध्ये पुन्हा चालू केली, तो हा खेळ. ठोकळ्यांची माणसं, ठोकळ्यांची झाडं. तरी गेले काही महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी तिथेच असते, आणि मारामारी जेमतेम करते. तलवारबाजीत रस नसणाऱ्याने या जगात करायचं काय, तेवढंच इथे सांगते.

सुरुवात लंब्रिज नावाच्या गावात होते. किल्ल्यातला आचारी रडकुंडीला आलेला असतो. ड्यूकचा वाढदिवस, केक करायचाय आणि अंडं, दूध, पीठ काहीच हाताशी नाही. पीठ हवं तर शेतातला गहू खुडायचा, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर चढायचं, दाणे हॉपरमध्ये, म्हणजे जात्यावरच्या तोंडात, टाकायचे, दांडा ओढायचा, मग तळमजल्यावर येऊन भांड्यात पीठ भरून घ्यायचं. भांडं बरोबर नेलं नसेल तर हेलपाटा ठरलेला. माझं मन बसलं ते इथेच.

क्वेस्ट, म्हणजे खेळातली गोष्टीसारखी कामगिरी. 'अमुक दहा मारून या' असला प्रकार इथे फार कमी. माझी सर्वात आवडती 'वन स्मॉल फेव्हर'. शिलो व्हिलेजमधल्या एका दुकानदाराला लाकूड हवं असतं. लाकूडतोड्या म्हणतो, आधी माझी कुऱ्हाड पाजवून आण. पोर्ट सॅरिमचा कुऱ्हाडवाला म्हणतो, पाजवतो, पण माझ्या चारित्र्याची ग्वाही द्यायला ड्रेनॉरच्या चेटकिणीला राजी कर. तिचंही काहीतरी काम असतंच. असं करत अर्धं जग पालथं घालायचं, आणि मग त्याच साखळीने उलटं परत यायचं. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत दाखल्यासाठी फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. खूप शिव्या दिल्या, खूप हसलेही. मात्र ही पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी आहे, फुकटात मिळत नाही.

फुकटात मिळते ती मासेमारी. पोर्ट सॅरिमहून ३० नाणी देऊन कारामजा बेटावर जायचं आणि धक्क्यावर पिंजरा टाकून लॉबस्टर धरायचे. त्यासाठी मासेमारीची ४० वी पातळी लागते. एकदा क्लिक केलं की बराच वेळ हात मोकळा, शेजारी उभ्या कुणा अनोळखी माणसाशी गप्पा. खेळ चालवणारा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एक ठोका घेतो, म्हणजे सगळं संथ लयीत चालतं, त्यामुळे आमच्याकडचं रडतखडत चालणारं इंटरनेटही इथे पुरतं. खातं एकच, फोनवर आणि संगणकावर तेच चालतं. फक्त लॉबस्टर शिजवताना जीव जळतो. स्वयंपाकाच्या ७४ व्या पातळीपर्यंत काही ना काही करपतंच.

क्लू स्क्रोल, म्हणजे खजिन्याच्या शोधाची कोडी, हा दुसरा नाद. कधी नुसता नकाशा असतो, जागा ओळखून फावड्याने खणायचं. कधी सांगितलेले कपडे चढवून भर चौकात नाचायचं, मग पुढचा दुवा मिळतो. येणारेजाणारे बघतात, पण त्यांनीही कधी ना कधी तेच केलेलं असतं. फॅलाडोर शहरातल्या पार्टी रूममध्ये ५०० नाणी मोजली की चिलखतधारी सरदार येऊन नाचून-गाऊन जातात. उपयोग शून्य, म्हणूनच मी पैसे मोजते.

आता नावडतं. कंटाळा येतो, आणि तो खेळाच्या रचनेतच आहे. कुठल्याही कौशल्याच्या ९९ व्या, म्हणजे सर्वात वरच्या, पातळीला १,३०,३४,४३१ अनुभव-गुण लागतात, आणि ९२ गाठल्यावर कुठे जेमतेम अर्धं अंतर कापलेलं असतं. जे ९९ च्या मागे लागतात ते महिनोन् महिने एकच झाड तोडतात. त्यांचं त्यांना लखलाभ. वॅरॉक शहरातल्या ग्रँड एक्सचेंज या बाजाराजवळ 'नाणी दुप्पट करून देतो' म्हणणारे भेटतील, त्यांना एक दमडी देऊ नका. 'वाइल्डरनेस' या उजाड प्रदेशात गेलात तर दुसरे खेळाडू मारून लुटतात. तिथे जायचंच असेल तर गमावून चालेल एवढंच अंगावर ठेवा.

सदस्यत्वाचे पैसे पहिल्या आठवड्यात भरू नका. फुकट क्वेस्ट आधी उरका. त्यांत शेवटची मोठी 'ड्रॅगन स्लेयर', तिला क्वेस्ट पुऱ्या केल्यावर मिळणारे ३२ क्वेस्ट पॉइंट लागतात आणि क्रँडर बेटावरच्या एल्वार्ग नावाच्या ड्रॅगनशी लढावं लागतं. तिथे मात्र तलवार उपसावीच लागते. जाताना खाऊन तब्येत सावरायला लॉबस्टर भरपूर न्या, आणि ड्रॅगनच्या आगीपासून वाचवणारी ढाल विसरू नका.