आठ महिन्यांनंतर: झेडडिफ३ ठेवलं, 'अरेरे'ला वेसण घातली

आमचं काम दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरचं. फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दर, दहा दिवसांचं बिल. पावती मराठीत हवी की कन्नडमध्ये, ते ज्या त्या संस्थेवर. आम्ही चौघं: दोघं बेळगावात टिळकवाडीत, एक निपाणीत, एक पुण्यात. चौघांचे हात एकाच फाइलीत, त्यामुळे मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना एकाच जागी होणारी टक्कर, हे रोजचं दुखणं. गेल्या श्रावणात वैतागून गिटच्या (कोडमधले सगळ्यांचे बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) दोन सेटिंग चालू केल्या. आता चैत्र संपत आला. पैसा लागला नाही, वेगळं काही बसवावं लागलं नाही. मनस्ताप मात्र एकदा झाला, तो पुढे सांगतो.

पहिली सेटिंग कॉन्फ्लिक्ट कसा दाखवायचा याची. एरवी गिट दोनच बाजू दाखवतं: वर माझं, खाली त्याचं, मध्ये सात बरोबरच्या खुणा. आता आमचाच प्रसंग बघा. दराच्या फाइलीत माझ्या बाजूला एकच ओळ होती, फॅटवरून दर काढायची. निपाणीवाल्याच्या बाजूला दोन: तीच ओळ, पण व्हेरिएबलचं नाव बदललेलं, आणि खाली 'एसएनएफ ८.५ च्या खाली गेलं तर कपात'. ही दुसरी ओळ त्यानं नवीन घातली, की आधीपासून होती आणि मी काढली? दोन बाजू तासभर न्याहाळल्या तरी हे कळत नाही. मग फोन. "अरे, कपात तू घातलीस काय?" "नाही ओ दादा, मी नुसतं नाव बदललंय." असे फोन आठवड्यातून चार.

या सेटिंगमध्ये 'डिफ३' ही पद्धत लावली की मध्ये तिसरा भाग येतो: दोघांनी हात लावण्याआधी तिथं काय होतं ते. कपात आधीपासून होती, म्हणजे ती मी काढली, खानापूरकडच्या एका संस्थेला नको होती म्हणून. त्यानं फक्त नाव बदललं. उत्तर सरळ: नाव त्याचं ठेवा, कपात काढा. दोघा भावांचा बांधावरून तंटा लागला की पंच आधी जुना उतारा मागतात. कोण किती सरकला, हे त्याशिवाय कसं कळणार? इतकी वर्षं आम्ही उतारा न बघताच निवाडे करत होतो.

झेडडिफ३ ही त्याचीच सुधारलेली पद्धत. दोन्ही बाजूंना सुरुवातीला आणि शेवटी सारख्या असलेल्या ओळी ती कॉन्फ्लिक्टच्या बाहेर काढते, म्हणून वाचायला कमी लागतं. ती गिट २.३५ मध्ये, जानेवारी २०२२ ला आली. आमच्यातल्या एकाकडे उबुंटू २२.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) आहे आणि त्यात गिट २.३४ येतं, त्यामुळे माझी सेटिंग जशीच्या तशी उतरवल्यावर गिटनं त्याला 'ही स्टाइल माहीत नाही' म्हणून परत पाठवलं. तो साध्या डिफ३ वर आहे आणि सुखात आहे.

एक गोष्ट मात्र दोन्हीतही सुटत नाही: रीबेस करताना, म्हणजे माझे बदल दुसऱ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) नव्यानं चढवताना, बाजू उलट्या होतात. 'हेड'खाली दिसतं ते माझं नसतं, ज्याच्यावर मी माझं काम चढवतोय त्या ब्रँचचं असतं. आठ महिन्यांनंतरही मी दर वेळी थांबून मनात एकदा म्हणून घेतो.

आता दुसरी सेटिंग. नाव रेरेरे, म्हणजे 'रीयूज रेकॉर्डेड रिझोल्यूशन'. आमच्यात तिचं नाव 'अरेरे' पडलंय, ते का ते ऐका.

काम चांगलं करते. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट तसाच पुन्हा आला की जुनं उत्तर आपणहून भरते. एका संस्थेची वेगळी ब्रँच आम्ही दर आठवड्याला मेनवर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, रीबेस करतो. तिथं तोच तो पावतीचा कॉन्फ्लिक्ट यायचा, तो आता डोळ्यांसमोर मिटतो. पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरत होतो.

मग एका पावसाळी रात्री, लाईट जायच्या आत उरकायचं म्हणून, तोच कपातीचा कॉन्फ्लिक्ट मी उलटा सोडवला: कपात ठेवली. सकाळी चूक लक्षात आली, मर्ज मोडला, पुन्हा केला. फाइल उघडली तर एकही खूण नाही, सगळं स्वच्छ. मला वाटलं, या वेळी कॉन्फ्लिक्टच आला नाही. टर्मिनलवर एक ओळ आली होती, आधीचं उत्तर वापरल्याची. ती कोण वाचतो? रात्रीची चूक रेरेरेनं जपून ठेवली होती आणि सकाळी परत वाढली. चार दिवसांनी संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन: "काय ओ साहेब, कपात परत कशी आली?" बिलं वाटायची होती म्हणून निभावलं. चूक माझीच, पण अरेरे झालंच.

उपाय आहे. मर्ज अर्धवट असतानाच त्या फाइलीचं नाव देऊन 'गिट रेरेरे फर्गेट' म्हणायचं, मग 'गिट चेकआउट'ला मर्जचा पर्याय देऊन खुणा परत आणायच्या आणि नव्यानं सोडवायचं. रेरेरेला स्वतःहून अ‍ॅड (सोडवलेली फाइल 'तयार' म्हणून नोंद) करू देणारी वेगळी सेटिंग आहे, ती मुळात बंद असते, बंदच ठेवा. सोडवलेली उत्तरं ६० दिवसांत, अर्धवट राहिलेली १५ दिवसांत झाडली जातात. आणि हे सगळं ज्याच्या त्याच्या मशीनवरच राहतं, पुश होत नाही, म्हणजे बाकीच्यांकडे जात नाही. रेरेरेनं जपलेली माझी चूक निपाणीला पोचली नाही ती त्यामुळेच. माझी शहाणी उत्तरंही पोचत नाहीत, तेही त्यामुळेच.

भाषेच्या फाइलींना दोन्हीचा फारसा उपयोग नाही. मराठी आणि कन्नड जेसनमध्ये (पावतीवरच्या शब्दांच्या याद्यांच्या फाइली) प्रत्येकजण नवा शब्द तळाशी घालायचा, म्हणून रोज तिथंच आदळआपट, आणि सोडवल्यावर एक स्वल्पविराम हमखास गायब. यादीतल्या 'की', म्हणजे प्रत्येक शब्दाची खूणनावं, अक्षरक्रमानं लावायला लागलो आणि ते जवळजवळ थांबलं. मराठी नावाची फाइल कॉन्फ्लिक्टमध्ये आली की गिट ३४०, २४४, २५४ असे आकडे दाखवायचं. ते तीन बाइट म्हणजे नुसता 'ब'. गिटची 'कोअर कोटपाथ' ही सेटिंग बंद केली, नावं दिसू लागली.

गेल्या आठवड्यात नवा लॅपटॉप घेतला. जुन्यावरून सगळं आणलं, रेरेरेचं जुनं फोल्डर तेवढं मुद्दाम मागे ठेवलं.