जुन्या फाइट्सच्या लायब्ररीचं सबस्क्रिप्शन: बरेच महिने वापरल्यावर, रायव्हलरी ओळीने बघणाऱ्यांसाठी

सुरुवातीलाच सांगतो, यूएफसीच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या एमएमए ह्या खेळातली सगळ्यात मोठी कंपनी) फाइट्स दाखवणाऱ्या ॲपचं सबस्क्रिप्शन फक्त लाइव्ह इव्हेंटसाठी घेऊ नका, जुन्या फाइट्ससाठी घ्या. मी त्याच्यासाठीच घेतलं आणि एवढे महिने एकाच पद्धतीने वापरलं, एक रायव्हलरी धरायची, पहिली फाइट, मग दुसरी, मग तिसरी, मधल्या काळात दोघं इतर कुणाशी लढले असतील तर त्यातल्याही एक-दोन, सगळं ओळीने. लाइव्ह बघताना दोन फाइट्समधे कधी कधी वर्ष-दीड वर्ष जातं आणि डोक्यात राहतं ते फक्त प्रेस कॉन्फरन्समधलं भांडण आणि शेवटचा नॉकआउट. ओळीने बघितलं की गेल्या वेळेपेक्षा कोण काय नवीन शिकून आलाय ते दिसतं, आणि माझ्या मते खरी रायव्हलरी तीच, बाकीचं सगळं तिकिटं खपवण्यासाठी असतं.

मोरेनो आणि फिगेरेदो घ्या. फ्लायवेट (पुरुषांचा सगळ्यात हलका वजनगट) आहेत म्हणून खूप जण बघतच नाहीत, पण यूएफसीत एकाच जोडीच्या चार फाइट्स पहिल्यांदा झाल्या त्या ह्या दोघांच्या. डिसेंबर २०२० ला पहिली, आणि दोघंही जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी एकाच रात्री आपापल्या फाइट्स लढून आलेले! फिगेरेदोने मांड्यांच्या मधे किक मारली म्हणून त्याचा एक पॉइंट कापला आणि निकाल ड्रॉ. जून २०२१ ला मोरेनो जॅब घेऊन आला, पुढे पुढे सरकत राहिला आणि तिसऱ्या राउंडला मागून चोक लावून बेल्ट घेऊन गेला, मेक्सिकोत जन्मलेला पहिला यूएफसी चॅम्पियन. मग जानेवारी २०२२, फिगेरेदो माजी चॅम्पियन हेन्री सेहुदोकडे ट्रेनिंग करून आलेला, आता तो अंगावर धावून जात नाही, थांबतो, काफ किक (पोटरीवर लाथ) मारतो, समोरचा आत आला की काउंटर मारतो. तिन्ही जजेसनी ४८-४७ फिगेरेदोला दिलं (प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९). आणि चौथी २०२३ ला रिओमधे, फिगेरेदोच्या घरच्या पब्लिकसमोर, मोरेनोच्या लेफ्ट हूकने त्याचा डोळा इतका सुजला की तिसऱ्या राउंडनंतर डॉक्टरनी फाइट थांबवली. चारही लागोपाठच्या दिवशी बघा, प्रत्येक वेळी हरलेला माणूस काहीतरी बदलून येतो आणि जिंकलेल्याला ते पुन्हा सोडवावं लागतं. मला ह्याच्यापेक्षा भारी काही सापडलं नाही.

अडेसान्या-परेरा पण तसंच. परेराने त्याला किकबॉक्सिंगमधे दोनदा हरवलेलं, मग नोव्हेंबर २०२२ ला यूएफसीत अडेसान्या स्कोअरकार्डवर पुढे असताना पाचव्या राउंडला परेराने टीकेओने हरवलं, म्हणजे मार बघून रेफरीने फाइट थांबवली. म्हणजे दोन खेळ मिळून तिसरी हार, तीही एकाच माणसाकडून. एप्रिल २०२३ ला परेरा परत तेच करायला गेला, केजला (रिंगणाच्या जाळीला) टेकवून मारायला लागला, आणि अडेसान्याने तिथूनच उजव्या हाताचे ठोसे घालून त्याला झोपवला. ज्या जागी परेरा धोकादायक होता त्याच जागी तो परेराची वाट बघत उभा होता. ही फाइट मी सुटी बघितली असती तर नुसता जबरदस्त नॉकआउट म्हणून सोडून दिली असती, आधीच्या बघून झाल्यावर बघितली तेव्हा अक्षरशः उठून उभा राहिलो.

आता आरडाओरडीवाल्या. सोननने अँडरसन सिल्वाबद्दल महिनोनमहिने वाट्टेल ते बोलून घेतलं आणि ऑगस्ट २०१० ला खरंच चार राउंड त्याला खाली पाडून मारलं, पाचव्यातही वरतीच होता, आणि खालून सिल्वाने पायांचा ट्रँगल लावून टॅप करायला (हार मानायला) लावलं. ही फाइट ट्रॅश टॉकशिवायही तितकीच थरारक आहे. म्यूट करून बघा, पटेल. उलट खबीब-मॅकग्रेगर, २०१८. त्याआधी एप्रिलमधे मॅकग्रेगरने खबीबच्या बसवर ट्रॉली फेकण्याचा प्रकार, नंतर खबीबची केजवरून उडी, ह्या दोन गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ, पण मधली फाइट? तिसऱ्या राउंडला मॅकग्रेगर उभं राहून बरा लढला, बाकी खबीबने त्याला हवं तिथे नेलं आणि चौथ्यात मान आवळून संपवलं. खबीबचं ग्रॅपलिंग (पकडून, खाली पाडून लढणं) शिकायचं असेल तर सोनं आहे, रायव्हलरी म्हणून मात्र मला ती अर्धीच वाटते कारण दुसरी फाइट झालीच नाही, हरलेल्याने काय उत्तर शोधलं ते आपल्याला कधी दिसणारच नाही. खबीब-फर्ग्युसन तर त्याहून वाईट, पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा रद्द, कधी दुखापत, कधी वेट कट (वजन उतरवणं), शेवटी २०२० ला कोविड. अजून जीव हळहळतो.

एक काम जरूर करा, क्लोज फाइट असली की आवाज बंद करून प्रत्येक राउंडचा स्कोअर स्वतः लिहा. होलोवे-वोल्कानोव्स्की दुसरी, जुलै २०२०, त्यासाठी एकदम बेस्ट. होलोवेने पहिल्या दोन राउंडमधे त्याला पाडलं, पुढे वोल्कानोव्स्की हळूहळू परत आला आणि स्प्लिट डिसिजनने (दोन जज त्याच्याकडे, एक होलोवेकडे) जिंकला. राउंड स्कोअर करताना जजने आधी परिणामकारक मार आणि ग्रॅपलिंग बघायचं असतं, ते अगदी बरोबरीचं असलं तरच आक्रमकता, आणि केजवर कंट्रोल कुणाचा ते सगळ्यात शेवटी. हे डोक्यात ठेवून बघितलं की कोण पुढे पुढे चालत होता त्यावरून राउंड द्यायची सवय मोडते. माझ्या कागदावर ती होलोवेला जाते, आणि त्यावर मी ठाम आहे. २०२२ च्या तिसऱ्या फाइटबद्दल वाद घालायला काही नाही, तिन्ही कार्ड ५०-४५ वोल्कानोव्स्कीला.

आता तक्रारी, आणि त्या छोट्या नाहीत. हे ॲप बनवणाऱ्यांना स्पॉयलर म्हणजे काय हे माहीतच नसावं असं वाटतं. फोटोत जिंकलेला माणूस हात वर करून उभा, खाली वर्णनात निकाल, आणि हे सगळं टाळलं तरी व्हिडिओची लांबी दिसते, पाच राउंडची फाइट आणि क्लिप बारा मिनिटांची म्हटल्यावर राहिलं काय! मी अख्खा इव्हेंट लावून पुढे सरकवत जातो, वेळ जातो पण निकाल कळत नाही. सर्च वाईट आहे, एकाच जोडीच्या सगळ्या फाइट्स एकत्र कधीच येत नाहीत, आधी कुठूनतरी इव्हेंटचा नंबर काढावा लागतो. आणि अर्धवट ठेवलेला व्हिडिओ बऱ्याचदा परत पहिल्यापासून सुरू होतो, सपोर्टला लिहिलं तर ॲप काढून परत टाका एवढंच उत्तर. जुन्या प्राइडच्या (बंद पडलेली जपानी एमएमए कंपनी) फाइट्सचं चित्र धूसर आहे, पण ते मी चालवून घेतो, पहिला राउंड दहा मिनिटांचा आणि पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारायची मुभा, तो खेळच वेगळा होता.

नवीन बघणाऱ्यांनी बायकांच्या फाइट्स टाळू नका. झांग वेइली आणि योआन्ना, मार्च २०२०, पाच राउंड एक सेकंद कुणी थांबलं नाही, योआन्नाचं कपाळ सुजून ओळखू येईना तरी ती पुढेच.

मी पुढच्या महिन्यासाठीही चालू ठेवलंय, जीएसपी (जॉर्ज सेंट-पिएर) आणि मॅट ह्यूज बघायचे राहिलेत. २००४ च्या पहिल्या फाइटमधे पहिला राउंड संपायला एक सेकंद राहिला असताना जीएसपीने टॅप केलं होतं, त्यानंतरच्या दोन्ही त्याने जिंकल्या, पण कशा ते मला राउंड राउंड करून बघायचंय. तुम्ही आजच सुरू करणार असाल तर मोरेनो-फिगेरेदोपासून करा, आणि निकाल वर वाचलात तरी काही बिघडत नाही, कारण त्या चार फाइट्समधली गंमत कोण जिंकलं ह्याच्यात नाहीचे.