हप्ता तोच राहिला, कर्ज मात्र सात वर्षांनी लांबलं

एप्रिल २०२४ मध्ये मी आमच्या गृहकर्जाचं व्याज प्रमाणपत्र आणायला गृहवित्त कंपनीच्या शाखेत गेले होते. आयकराच्या कामासाठी दरवर्षी लागतं, त्यामुळे कागद घ्यायचा, पिशवीत टाकायचा आणि पुढची बस पकडायची, इतकंच डोक्यात होतं. बसस्टॉपवर उभी असताना सहज नजर टाकली. वर्षभरात भरलेलं व्याज २,२८,५१३ रुपये आणि मुद्दल ४१,१३९ रुपये. बारा हप्त्यांचे दोन लाख सत्तर हजार दिले, त्यातले एक्केचाळीस हजारच कर्जात वळते झाले होते. मी पुन्हा शाखेत गेले आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "माझे हप्ते किती राहिलेत?" त्याने स्क्रीनवर पाहून सांगितलं, "दोनशे सदतीस, मॅडम."

कर्ज घेतलं तेव्हा हप्ते एकशे ऐंशी होते. तीस भरून झाले होते, एकही चुकला नव्हता. दीडशे राहायला हवे होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, राहायला सांगलीत. सप्टेंबर २०२१ मध्ये आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, त्यासाठी २५ लाखांचं कर्ज काढलं. दर ७ टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता २२,४७१ रुपये. शेवटचा हप्ता सप्टेंबर २०३६. मी २०४१ ला निवृत्त होणार, म्हणजे त्याआधी पाच वर्षं घर मोकळं, असा आमचा हिशेब होता. २३७ हप्त्यांनी तो डिसेंबर २०४३ ला गेला. पेन्शनीतून हप्ते भरायचे, आणि मला ते कोणी कळवलेलंही नव्हतं.

हे कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण यातला एकेक टप्पा मला आधी समजला असता तर मी वेळीच थांबवू शकले असते.

कर्ज मिळवून देणारा एजंट घरी येऊन बसायचा. "ताई, फ्लोटिंग रेट आहे. रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवला तर तेवढाच वाढेल, कमी केला तर तेवढाच कमी होईल. काळजीच करू नका." हे वाक्य त्याने माझ्या सासूबाईंसमोर म्हटलं होतं, त्यांनाही ते आठवतं. फ्लोटिंग म्हणजे बदलता दर, आणि रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर. करारपत्र चाळीसेक पानांचं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्या पानांमध्ये रेपो हा शब्द कुठेच नव्हता. लिहिलं होतं की व्याजदर कंपनीच्या 'प्राइम लेंडिंग रेट'शी जोडलेला राहील आणि तो रेट वेळोवेळी कंपनी ठरवेल.

इथेच सगळी मेख आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्जं आणि वैयक्तिक कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात, निदान तीन महिन्यांनी एकदा दर बदलावा लागतो आणि रेपोच्या वरचा आपला हिस्सा मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. हा नियम बँकांचा आहे. गृहवित्त कंपन्या त्यात येत नाहीत. ज्याला कर्जाचा दर जोडतात तो संदर्भदर त्या आपणच ठरवतात. आम्ही कंपनीकडून कर्ज घेत होतो आणि एजंट आम्हाला बँकेचा नियम ऐकवत होता.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. त्याप्रमाणे आमचा दर ९.५० झाला, हे मी मान्य करते. सगळ्यांचीच कर्जं महागली. पण रेपो त्यानंतर हललाच नाही. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये आमचा दर ९.८५ केला गेला. ही पाव टक्क्याहून जास्तीची वाढ कशासाठी, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. आकडा छोटा दिसतो, पण फक्त या ०.३५ मुळे आमचे सोळा-सतरा हप्ते वाढले, म्हणजे साधारण पावणेचार लाख रुपये.

दर वाढला की दोनच गोष्टी होऊ शकतात: हप्ता वाढतो, नाहीतर मुदत वाढते. हप्ता वाढला असता तर पगाराच्या खात्यातून जास्त पैसे गेले असते आणि मी त्याच दिवशी शाखेत पोचले असते. कंपनीने हप्त्याला हात लावला नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला तेच २२,४७१ कापल्याचा मेसेज यायचा आणि मला वाटायचं, सगळं सुरळीत आहे. पहिल्या हप्त्यात मुद्दलाकडे ७,८८८ रुपये गेले होते. मार्च २०२४ च्या हप्त्यात गेले ३,२३३. उरलेले १९,२३८ व्याज. खातेउतारा मागवून मी एका रविवारी दुपारी वहीत हे आकडे एकाखाली एक उतरवले, तेव्हा यांना म्हटलं, "अहो, हे बघा," आणि पुढे बोलताच येईना. अडीच वर्षांत पावणेसात लाख भरले होते. कर्ज उतरलं होतं एक लाख साठ हजारांनी.

शाखा व्यवस्थापकांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, फ्लोटिंग आहे, आमच्या हातात काही नाही. प्रत्येक बदलाचा मेल तुम्हाला गेलाय." मी म्हटलं, मला एकही मेल आला नाही, दाखवा. त्यांनी स्क्रीन वळवली. त्यावर माझ्या नावापुढे जो ईमेल पत्ता होता तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझं नाव, पुढे चार आकडे. अर्ज भरताना एजंटाने स्वतःच तयार केलेला पत्ता. वाढीची चारही पत्रं तिथे जाऊन पडली होती. मोबाइल नंबर मात्र बरोबर होता, कारण हप्त्याची आठवण त्यावर करायची होती.

मग त्यांनी उपाय सांगितला. शिल्लक कर्जाच्या अर्धा टक्का 'कन्व्हर्जन फी' आणि त्यावर जीएसटी, एकूण १३,८०९ रुपये भरले तर दर ८.७५ करून देतो म्हणाले. याच शाखेच्या दारावर नवीन ग्राहकांसाठी ८.६० टक्क्यांपासूनचा फलक लावलेला होता. अडीच वर्षं न चुकता हप्ते भरणाऱ्याला ९.८५, रस्त्यावरून आत येणाऱ्याला ८.६०, आणि जुन्या माणसाने नव्याच्या जवळपास यायचं तर आधी पैसे मोजायचे. मला त्या दिवशी खरोखर रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी फी भरली नाही.

शाळेतल्या एका सरांचा मुलगा चार्टर्ड अकाउंटंटकडे काम करतो, त्याने मला रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक काढून दिलं. हप्त्याने फेडायच्या फ्लोटिंग वैयक्तिक कर्जांबद्दलचं आहे ते, आणि रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत गृहकर्जही वैयक्तिक कर्जातच मोडतं. बँकांबरोबर गृहवित्त कंपन्यांनाही ते लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यायची. काही किंवा सगळी रक्कम आधी फेडायची मुभा द्यायची. दर तीन महिन्यांनी पत्रक द्यायचं, त्यात आजवर वसूल केलेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, राहिलेले हप्ते आणि वार्षिक दर असला पाहिजे. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं. माझ्या हातात यातलं काहीच आलेलं नव्हतं.

मे महिन्यात मी लेखी अर्ज दिला. तोंडी बोलण्यात तीन आठवडे घालवले होते, ते वाया गेले. अर्जात मागितलं ते एवढंच: दर कोणत्या तारखेला किती बदलला याचा तक्ता, प्रत्येक वेळी संदर्भदर वाढवल्याची कंपनीची सूचना, मुदत वाढवायला माझी संमती कुठे घेतली त्याचा कागद, आणि माझ्या करारपत्राची प्रत. काउंटरवरचा माणूस अर्ज ठेवून घेत होता पण पोच देत नव्हता. "साहेब आल्यावर बघू." मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडेपर्यंत. पावणेदोन तास लागले. कोणाला असा अर्ज द्यायची वेळ आली तर शिक्क्याशिवाय उठू नका. पुढे सगळं त्या तारखेवर मोजलं जातं.

महिना गेला, उत्तर नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही मेल केला होता, तिकडूनही शांतता. बँक असती तर इथून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं असतं. गृहवित्त कंपनीविरुद्ध मी तक्रार केली ती अशा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल हाउसिंग बँकेकडे, त्यांच्या 'ग्रिड्स' या तक्रारींच्या पोर्टलवर. अर्जाची शिक्क्याची प्रत, खातेउतारा आणि वहीतला तक्ता जोडला. त्यानंतर मात्र कंपनीतून फोन आला. आवाजही वेगळा होता. दरांचा तक्ता मिळाला, ईमेल पत्ता चुकीचा असल्याचं लेखी मान्य झालं, कन्व्हर्जन फी माफ करतो असंही आलं. ऑक्टोबर २०२३ च्या वाढीबद्दल उत्तर एकाच ओळीचं होतं: 'करारातील तरतुदीनुसार.' घेतलेलं व्याज परत करणार नाही.

आम्ही कर्ज तिथे ठेवायचं नाही असं ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते एका राष्ट्रीयीकृत बँकेत हलवलं, रेपोला जोडलेलं, ८.५० टक्क्यांनी. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, तरी 'फोरक्लोजर चार्जेस'ची एक ओळ कंपनीने पत्रात घातलीच होती. बोट ठेवून विचारल्यावर ती काढली. हलवायला प्रोसेसिंग फी, मुद्रांक शुल्क, वकिलाचा सर्च रिपोर्ट असा खर्च येतो, तो आधी मांडून बघा. कर्जाची शेवटची तीन-चार वर्षं राहिली असतील तर कदाचित परवडणार नाही. मूळ मुदतीप्रमाणे आमची बारा राहिली होती.

घराची मूळ कागदपत्रं परत यायला पुन्हा टाळाटाळ सुरू झाली. 'मुंबईहून यायचीत' हे आठवडाभर ऐकलं. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत दिले नाहीत तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यावे लागतात, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. मी त्याचा उल्लेख करून दोन ओळींचा मेल टाकला. कागद सत्ताविसाव्या दिवशी आले. खरेदीखताच्या पहिल्या पानावर आमच्या दोघांचे फोटो आणि अंगठे आहेत. ते पान मी पुन्हा पुन्हा बघत होते.

नव्या बँकेत हप्ता साधारण २६ हजार घेतला, म्हणजे शेवट पुन्हा सप्टेंबर २०३६ वर आला. महिन्याला साडेतीन हजार जास्त जातात, ओढाताण होते, पण आकडा डोळ्यासमोर आहे. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारीत, एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये मिळून १ टक्क्याने उतरला आणि आमचा दर ७.५० वर आला, अर्ज न करता.

आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा आणखी दोघींनी आपापल्या कंपन्यांकडे राहिलेले हप्ते विचारले. एकीचे ठीक होते. दुसरीचे वीस वर्षांच्या कर्जात चार वर्षं भरूनही दोनशे ऐंशी निघाले, आणि तिच्याही अर्जात ईमेल भलत्याचाच आहे. तिचा अर्ज आम्ही लिहून तयार ठेवलाय. सोमवारी दुपारची सुट्टी काढून दोघी जाणार आहोत, दोन प्रती घेऊन.