लहानपणीची छोटी मोटारसायकल पुन्हा घेताना : जुने यंत्र, नवी आवृत्ती की एक माप मोठे?

सहा-सात वर्षांच्या वयात पन्नास सीसीच्या छोट्या मोटारसायकलीवर ज्यांनी पहिल्यांदा ॲक्सिलरेटरची मूठ पिळली, त्यांच्यापैकी अनेकांना चाळिशी ओलांडल्यावर तेच यंत्र पुन्हा आपल्याजवळ असावे असे वाटू लागते. ही ओढ खरी आहे आणि तिच्यासाठी वेळ व पैसा खर्च करण्यात काहीही गैर नाही. मात्र तिला उत्तर देणारी यंत्रे एका प्रकारची नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीचे मूळ यंत्र दुरुस्त करून घेता येते, त्याच नावाची आजची आवृत्ती नवी विकत घेता येते, किंवा जुन्या नावाचा आग्रह सोडून प्रौढ शरीराला साजेसे यंत्र निवडता येते. यांतले प्रत्येक यंत्र त्या आठवणीचा वेगळा भाग परत देते. त्यामुळे आपल्याला ती वस्तू हवी आहे, तो चालवण्याचा अनुभव हवा आहे, की तो अनुभव आपल्या मुलाला द्यायचा आहे, हे ठरवल्याखेरीज कोणतीही तुलना उपयोगाची ठरत नाही.

सर्वप्रथम मापाचा विचार करावा लागतो, कारण सर्वाधिक अपेक्षाभंग तिथेच होतो. यामाहाची पीडब्ल्यू५० ही १९८१ पासून फारसा बदल न होता बनत आलेली मुलांची मोटारसायकल आहे. तिची सीट जमिनीपासून ४७५ मिलिमीटर उंच असून वजन सुमारे ४० किलो आहे. वीस-बावीस किलोच्या मुलाच्या दृष्टीने हे यंत्र त्याच्या दुप्पट वजनाचे असते. ते वळवताना संपूर्ण शरीर वापरावे लागते, आणि डोळे जमिनीच्या इतके जवळ असतात की ताशी तीस किलोमीटरचा वेगही प्रचंड वाटतो. त्याच यंत्रावर पंचाहत्तर किलोचा माणूस बसला की हे सारे गणित उलटते. गुडघे हँडलला भिडतात, स्प्रिंग पूर्ण दबून जातात आणि लहानपणी आपल्यापेक्षा बलवान वाटलेले यंत्र आपल्या भाराखाली दबलेले दिसते. होंडाने आपल्या सीआरएफ५०एफ साठी एकूण भाराची मर्यादाच सुमारे ४० किलो सांगितलेली आहे. म्हणजे ज्या वर्गातील यंत्रांची आठवण येते, ती प्रौढाने चालवण्यासाठी मुळात बनवलेलीच नाहीत, हे आधी स्वीकारावे लागते.

तरीही ज्यांना ती वस्तूच हवी आहे, त्यांच्यासाठी जुन्या यंत्रांमध्ये होंडाच्या फोर-स्ट्रोक मालिकेला मी पहिली पसंती देईन. या मालिकेचा उगम १९६१ मध्ये टोकियोजवळील तामा टेक या उद्यानात मुलांना चालवण्यासाठी बनवलेल्या झेड१०० मध्ये आहे. १९६७ मध्ये घडीच्या हँडलची झेड५०एम आली. तिला पुढे-मागे कोणतेही सस्पेन्शन नव्हते आणि चाके अवघ्या पाच इंचांची होती. त्यानंतरच्या झेड५०ए ला आठ इंची चाके आणि पुढचे सस्पेन्शन मिळाले, आणि मागचे सस्पेन्शन १९७४ च्या झेड५०जे मध्ये आले. केवळ मातीत चालवण्यासाठी असलेली झेड५०आर १९७९ पासून १९९९ पर्यंत विकली गेली. आपण लहानपणी नेमकी कोणती चालवली होती हे आठवत नसेल, तर चाकांचा आकार आणि मागचे सस्पेन्शन एवढ्या दोन खुणांवरून बराच उलगडा होतो.

या मालिकेला पसंती देण्याचे कारण तिच्या इंजिनात आहे. आडव्या सिलिंडरचे हे छोटे इंजिन १९५८ च्या सुपर कबच्या घराण्यातले आहे, आणि त्या घराण्याची एकूण निर्मिती २०१७ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली. इतक्या मोठ्या संख्येने बनलेल्या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, क्लचच्या प्लेट, गॅस्केट आणि कार्ब्युरेटर आजही मिळतात, आणि काम शिकलेल्या हाताला त्यात कोडे पडावे असे फारसे काही नाही. याच सोयीची दुसरी बाजू अशी की या इंजिनाच्या असंख्य नकला निघाल्या, आणि त्या जुन्या चौकटीच्या बोल्टांवर थेट बसतात. म्हणून मूळ यंत्र म्हणून काही घेत असाल तर चौकटीवरील आणि इंजिनावरील क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. हँडलच्या मानेजवळचे आणि मागच्या फोर्कजवळचे वेल्डिंग रंगाखाली तडकलेले नाही ना, हेही नीट तपासावे, कारण ही यंत्रे मुलांनी उड्या मारत वापरलेली असतात.

जुन्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत तेलही जाळणाऱ्या, यंत्रांचा मामला वेगळा आहे, आणि आठवणीच्या दृष्टीने तो अधिक समृद्ध आहे. १९७४ ची यामाहा वायझेड८० असो वा सुझुकीची जेआर५०, ज्यांनी ही यंत्रे चालवली त्यांच्या मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट म्हणजे जळणाऱ्या तेलाचा वास. त्यानंतर येतो तो खालच्या वेगात अडखळणारा आणि एका क्षणी अचानक मोकळा होऊन ओढ घेणारा आवाज. फोर-स्ट्रोक यंत्र ही अनुभूती देऊ शकत नाही. (आजच्या कमी धुराच्या कृत्रिम तेलांचा वासही तसा येत नाही, ज्यांना तो हवाच आहे ते एरंडेलावर आधारित तेल वापरतात, आणि मग पिस्टनवर चढणारा चिकट थर वारंवार साफ करण्याची तयारी ठेवतात.)

परंतु टू-स्ट्रोक इंजिनाची रचना वर्षानुवर्षे पडून राहणे सहन करत नाही. त्यात पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीत, शिरते आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची सील हवाबंद असणे ही इंजिनाच्या जगण्याची अट असते. रबर कडक होऊन एका बाजूने बाहेरची हवा आत येऊ लागली की मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिनाचा वेग आपोआप वाढतो, पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्समधील तेल ओढले जाऊन पांढरा धूर निघत राहतो. म्हणून मूठ सोडल्यावरही ज्याचा आवाज लवकर खाली येत नाही असे यंत्र ‘फक्त ट्यूनिंग हवे’ या आश्वासनावर घेऊ नये. विक्रेत्याने किक मारून ते चालू करून दाखवले एवढ्यानेही समाधान मानू नये. दोन्ही सील, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पट्ट्यांची झडप) आणि वरची बेअरिंग नवी घालण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी, टाकीच्या आतला गंज बॅटरीच्या उजेडात पाहावा, आणि कार्ब्युरेटरमधील सर्वांत लहान जेट (पेट्रोल येण्याचे बारीक छिद्र) वाळलेल्या पेट्रोलने बंद झालेला असणार हे गृहीत धरावे. ज्यांना संध्याकाळी दोन तास हात काळे करणे हाच आनंद वाटतो त्यांनी टू-स्ट्रोक अवश्य घ्यावी. ज्यांना रविवारी सकाळी किक मारून थेट निघायचे आहे, त्यांना ती मनस्ताप देईल.

मातीत चालवायच्या तीनचाकी यंत्रांविषयी मात्र मी तोलूनमापून बोलणार नाही. होंडाने १९७० मध्ये बाजारात आणलेले आणि पुढे एटीसी९० या नावाने ओळखले गेलेले यंत्र, आणि नंतर मुलांसाठी आलेले एटीसी७०, यांची फुगीर टायरे हेच त्यांचे सस्पेन्शन होते, आणि वाळू व चिखलावर ती ज्या सहजतेने तरंगत त्याची आठवण अनेकांना विलक्षण प्रिय आहे. पण त्यांच्या मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा ॲक्सल अखंड असतो. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक एकाच गतीने फिरत असल्यामुळे यंत्र सरळच जाऊ पाहते, आणि चालकाने शरीराचा भार योग्य बाजूला नेऊन आतले चाक हलके केले नाही तर ते वळत नाही किंवा उलटते. मोटारसायकलवर तोल जाताच पाय जमिनीवर टेकवण्याची जी उपजत सवय लागते, ती इथे थेट मागच्या चाकाखाली पाय देते. अमेरिकेत १९८८ मध्ये अमलात आलेल्या न्यायालयीन तडजोडीने नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि २००८ च्या कायद्याने ती बंदी पक्की झाली, त्यामागे मुलांना झालेल्या गंभीर दुखापतींचा आणि मृत्यूंचा मोठा वाटा होता. संग्रहात ठेवण्यासाठी, स्वतः सपाट मोकळ्या जागेत हळू चालवण्यासाठी तीनचाकी घेणे समजण्यासारखे आहे. मुलाला त्यावर बसवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखे नाही, मग आपण स्वतः त्या वयात त्यावर सुखरूप फिरलो असलो तरीही.

आता जुन्या नावांच्या नव्या आवृत्त्यांकडे वळू. होंडाने मूळ पन्नास सीसीची मंकी (वरच्या झेड५० मालिकेचेच प्रचलित नाव) २०१७ मध्ये बंद केली आणि २०१८ मध्ये १२५ सीसीची मंकी आणली. १२ इंची चाके, फ्युएल इंजेक्शन, ७७६ मिलिमीटर उंचीची सीट आणि शंभर किलोंहून थोडे अधिक वजन अशी ही मोटारसायकल प्रौढाला व्यवस्थित सामावून घेते. तिची टाकी, जाड सीट आणि गोल दिवा यांतून जुन्या यंत्राची आकृती मोठ्या प्रेमाने जपलेली आहे. परंतु जुन्या झेड५० प्रमाणे शेताच्या बांधावरून धावणे तिला जमणारे नाही. तिची रचना रस्त्यासाठी आहे आणि कच्च्या वाटेवर सस्पेन्शनची मर्यादा लगेच जाणवते. १९६९ च्या सीटी७० ची, म्हणजे मूळ डॅक्सची, आठवण असलेल्यांसाठी २०२२ मध्ये आलेली डॅक्स १२५ आहे, आणि तिच्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. या घराण्यात कच्च्या वाटांशी खरे नाते राखणारी म्हणजे २०२० मध्ये आलेली सीटी१२५. वर वळवलेला सायलेन्सर, इंजिनाखालचे संरक्षक पत्रे आणि क्लचची दांडी नसलेला गिअर यांमुळे ती जुन्या ट्रेल यंत्रांच्या स्वभावाच्या अधिक जवळ जाते. दिसण्यातील जवळीक हवी असेल तर मंकी आणि वागण्यातील जवळीक हवी असेल तर सीटी१२५, असा माझा कल आहे.

गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन, नळीची चौकट, सेंट्रिफ्युगल (इंजिनाचा वेग वाढताच आपोआप पकडणारा) क्लच आणि मागे एक ब्रेक अशा मिनीबाइकही ज्यांच्या लहानपणात होत्या, त्यांचे काम सर्वांत सोपे आहे. त्याच धाटणीची, १९६ सीसीच्या औद्योगिक इंजिनाची नवी यंत्रे मिळतात, ती प्रौढाचा भार सहन करतात आणि जुनीही कोणालाही उघडून दुरुस्त करता येतात. वेग मात्र ब्रेकच्या ताकदीपुढे जाऊ देऊ नये.

ज्यांना वस्तू नको, तर तो चालवण्याचा अनुभव हवा आहे, त्यांच्यासाठीचा पर्याय सहसा कोणी सुचवत नाही. लहानपणीची उत्कटता सीसीमध्ये नव्हती; ती स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन पट जड यंत्र सांभाळण्यात आणि पाय जेमतेम टेकण्यात होती. तेच प्रमाण सत्तर किलोच्या माणसासाठी मांडले तर उत्तर सव्वाशे किलोच्या आसपासच्या, साध्या रचनेच्या, हवेने थंड होणाऱ्या ट्रेल मोटारसायकलीत सापडते. होंडाची सीआरएफ२५०एफ सुमारे १२० किलोंची आणि यामाहाची टीटी-आर२३० त्याहून थोडी हलकी आहे. दोन्ही फोर-स्ट्रोक आहेत, शर्यतीच्या यंत्रांसारखी त्यांची देखभाल तासांच्या हिशोबाने करावी लागत नाही, आणि उंच सीटवर बसून पहिल्यांदा उभ्या चढावर निघताना पोटात जो गोळा येतो तो मूळ अनुभवाशी बराच जुळणारा असतो. नाव, रंग आणि आकार वेगळे असूनही, प्रत्यक्ष चालवण्याच्या बाबतीत मी या वर्गाला सर्व जुन्या व पुनरावृत्त यंत्रांच्या वर ठेवतो. ही वाहने मातीतच चालवायची आहेत, रस्त्याच्या नोंदणीसाठी ती बनवलेली नाहीत, एवढे लक्षात घेऊन जागेची सोय आधी पाहावी.

राहिला प्रश्न मुलाला काय द्यावे याचा, आणि इथे भावनेला बाजूला ठेवणे सर्वांत अवघड जाते. दुरुस्त केलेले आपले जुने यंत्रच मुलाला द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जुने ब्रेक, अडकणारी ॲक्सिलरेटर केबल आणि उघडी चेन यांवर शिकण्यापेक्षा मुलाने नव्या यंत्रावर शिकावे. पीडब्ल्यू५० मध्ये चेनऐवजी शाफ्ट आहे, गिअर नाहीत, टू-स्ट्रोक तेल आपोआप मिसळले जाते आणि एक स्क्रू फिरवून ॲक्सिलरेटर किती उघडेल हे पालकांना ठरवता येते. म्हणून अगदी पहिल्या यंत्रासाठी ती आजही उत्तम आहे. आपल्या आठवणीतला वासही ती मुलाला थोडाफार देते. सीआरएफ५०एफ ला तीन गिअर आणि आपोआप चालणारा क्लच असल्याने तोल सांभाळता येणाऱ्या मुलाला पुढचा धडा ती अधिक चांगला देते. दोन्हींत निवडायचे झाल्यास सायकल नुकतीच येऊ लागलेल्या मुलाला पहिली, आणि सायकलवर निर्धास्त झालेल्याला दुसरी द्यावी.

केटीएमच्या एसएक्स-ई ५ सारखी विजेवरची यंत्रे या तुलनेत गंभीरपणे घ्यावी लागतात. तिची बॅटरी ९०७ वॉट-तासांची असून, कंपनीच्या म्हणण्यानुसार नवशिक्याला ती दोन तासांहून अधिक आणि वेगवान शर्यतपटूला सुमारे पंचवीस मिनिटे पुरते. तापलेला सायलेन्सर नसल्याने पायाला चटका बसत नाही, ताकदीच्या पायऱ्या ठरवून देता येतात, आणि आवाज नसल्याने शेजाऱ्यांचा आक्षेप येत नाही व बाजूने धावणाऱ्या पालकाची सूचना मुलाला प्रत्यक्ष ऐकू येते. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इंजिनाच्या गोंगाटात हातवारे करून शिकवणे किती अपुरे पडते हे अनेकांनी अनुभवले असेल. तिच्याविरुद्ध जाणारी गोष्ट एवढीच की बंद खोक्यातील बॅटरी आणि नियंत्रक घरच्या पान्यांनी उघडून समजून घेता येत नाहीत, तर प्लग काढणे, तो घासणे आणि पुन्हा किक मारणे यातून मुलाला यंत्राची ओळख होते. शहराच्या कडेला मर्यादित जागा असेल तर विजेवरची घ्यावी. मोकळे रान आणि मुलासोबत दुरुस्तीला बसण्याचा वेळ असेल तर पेट्रोलवरची. दोन्ही परिस्थितींत हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि हातमोजे यांची खरेदी यंत्राच्या आधी व्हावी, आणि हेल्मेट मुलाच्या आजच्या डोक्याच्या मापाचे असावे, ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मोठे घेऊ नये.